कुळागर ते लाखी बाग : सिंधुदुर्गातील मिश्र फळबागेचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

फळझाडाभोवती त्याला पूरक ठरणाऱ्या अन्य वनस्पतींची योजनापूर्वक लागवड करणे हा पर्माकल्चर या आधुनिक विचारप्रणालीचा प्रमुख घटक मानला जातो. दक्षिण कोकणात माड-पोफळीच्या बागायतीत अशा सहचर लागवडीची परंपरा मात्र फार जुनी आहे. प्रस्तुत निबंधात या परंपरेची रचना, तिला आधार देणारी सामाजिक व्यवस्था, विसाव्या शतकात झालेला तिचा संकोच आणि कृषी संशोधनाने केलेली तिची पुनर्मांडणी यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. मिश्र बाग ही केवळ वनस्पतींची निवड नसून पाणी, श्रम आणि मालकी यांच्या विशिष्ट मेळातून घडलेली संस्था होती, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कुळागर, बागायत, वरकस, सहचर लागवड, लाखी बाग, सिंधुदुर्ग.

प्रस्तावना

१९७८ साली ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांचा पर्माकल्चरविषयक पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. निसर्गातील जंगलाप्रमाणे उंच, मध्यम, ठेंगण्या, वेलवर्गीय व कंदवर्गीय वनस्पतींचा एकमेकींना उपकारक असा समूह फळझाडाभोवती उभा करावा, हा या विचाराचा एक गाभा होय. पुढे हा विचार भारतातही पोहोचला आणि २०१७ साली पर्माकल्चरची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबाद येथे भरली. महाराष्ट्रात श्री. अ. दाभोलकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ चळवळीने सूर्यप्रकाशाचा पुरेपूर वापर आणि थोड्या जागेतील विपुल उत्पादन यांचा स्वतंत्र विचार मांडला होता.

या नव्या विचारांची चर्चा करताना कोकणातील बागायतीचा उल्लेख बहुधा एखाद्या वाक्यात येतो. ‘आपल्याकडे हे पूर्वीपासूनच होते’ एवढे म्हणून अभ्यासक पुढे जातात. काय होते, कोठे होते, कोणाच्या श्रमावर होते आणि ते कमी का झाले, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. त्यांची उत्तरे शोधल्याशिवाय परंपरेचा अभिमान किंवा तिचे पुनरुज्जीवन या दोहोंना फारसा अर्थ उरत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

सदर अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) दक्षिण कोकणातील मिश्र बागेची रचना व तिच्यामागील कार्यकारणभाव स्पष्ट करणे. २) या रचनेला आधारभूत असलेल्या आर्थिक-सामाजिक घटकांचा शोध घेणे. ३) विसाव्या शतकातील एकपीक फळबागेच्या विस्ताराची मीमांसा करणे. ४) आधुनिक पुनर्मांडणीच्या मर्यादा तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून त्याची व्याप्ती प्रामुख्याने सिंधुदुर्ग जिल्ह्यापुरती मर्यादित आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. त्यामुळे पूर्वकाळातील उल्लेख रत्नागिरी जिल्हा व सावंतवाडी संस्थान यांच्या संदर्भात वाचणे आवश्यक आहे.

प्राचीन व मध्ययुगीन संदर्भ

कोकण किनाऱ्याच्या परिसरात नारळाला आर्थिक मोल होते, याचा जुना शिलालेखीय पुरावा नाशिकच्या लेण्यांत मिळतो. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने चिखलपद्र या गावी ८,००० नारळीची झाडे दान दिल्याची नोंद इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखात आहे. हे गाव सिंधुदुर्गातील नव्हे. तथापि दानाचे परिमाण म्हणून जमिनीच्या मापाऐवजी झाडांची संख्या यावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. बागायतीत संपत्तीचे एकक झाड हेच होते.

झाडांमधील अंतराचा शास्त्रीय विचार वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील वृक्षायुर्वेद या अध्यायात आढळतो. सहाव्या शतकातील या ग्रंथात दोन वृक्षांमधील वीस हात अंतर उत्तम, सोळा हात मध्यम व बारा हात कनिष्ठ मानले आहे. हात म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर धरल्यास ही अंतरे अनुक्रमे ९, ७.२ व ५.४ मीटर होतात. आज आंब्यासाठी १० मीटर व नारळासाठी ७.५ मीटर अंतराची शिफारस केली जाते, हे ध्यानात घेतल्यास जुन्या निरीक्षणाची अचूकता जाणवते. झाडे दाटीने लावल्यास त्यांची मुळे एकमेकांना भिडतात व फळधारणा नीट होत नाही, असे कारणही तेथे दिले आहे. त्याच अध्यायात वृक्ष लावण्यापूर्वी जमिनीत तीळ पेरावा आणि तो फुलावर आला की तेथेच मर्दून टाकावा, असे सांगितले आहे. हिरवळीच्या खताचा हा स्पष्ट निर्देश होय. हा ग्रंथ अवंतीत रचला गेला असल्याने तो कोकणच्या बागायतदाराचा मार्गदर्शक होता, असे म्हणता येणार नाही. परंतु फळझाड व त्याच्या सहचर पिकाचा एकत्र विचार भारतीय परंपरेत रुळलेला होता, एवढे त्यावरून निश्चित होते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज संपर्कामुळे बागेतील वनस्पतींची यादीच बदलली. काजू, अननस, पपई, पेरू व मिरची ही अमेरिका खंडातील झाडे व पिके गोव्याच्या मार्गाने कोकणात रुजली. आंब्याची कलमे बांधण्याची कला याच संपर्कातून फैलावली आणि हापूस या नावातही पोर्तुगीज ‘अफोन्सो’चे रूप शिल्लक राहिले. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथात नारळ, सुपारी, मिरी व आंबा यांच्यासोबत जायफळ व दालचिनी यांचीही चर्चा आहे. मात्र तेथे जायफळ इंडोनेशियातील बांडा बेटांतून, तर उत्तम दालचिनी श्रीलंकेतून येणारा माल आहे. तेव्हा जहाजातून येणारे हे दोन्ही मसाले विसाव्या शतकात माडाच्या सावलीतील झाडे बनले. कोकणची बाग ही कधीही बंदिस्त परंपरा नव्हती. बाहेरून आलेल्या झाडाला त्याच्या गरजेप्रमाणे ऊन, सावली व ओलावा असलेली जागा देणे, हेच तिचे वैशिष्ट्य होते.

कुळागराची रचना व तिचा कार्यकारणभाव

गोवा व त्याला लागून असलेल्या सावंतवाडी, दोडामार्ग परिसरात पोफळीच्या मिश्र बागेस ‘कुळागर’ म्हणतात. दोन डोंगरांमधील घळीत, बारमाही ओहोळाच्या काठी, घराच्या पाठीमागे उतरत जाणारी ही बाग असते. मालवण, देवबाग, आचरा या किनारी भागांत वाळूमिश्रित जमिनीत माडाचे प्राधान्य असते आणि पोफळ आतल्या बाजूस सरकते. दोन्ही प्रकारांत थरांची रचना मात्र समान आहे. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळ, खोडावर चढवलेली मिरवेल, मधल्या थरात केळ, आणि जमिनीलगत अननस, हळद, आले, सुरण व अळू. कडेला गडग्याच्या आधाराने फणस, रतांबा, आंबा, बिंबल अशी झाडे असतात. पाटाच्या काठी, जेथे पाय सतत ओला राहतो, तेथे अळू. तर बांधाच्या कोरड्या कडेला अननस, अशी जागांची वाटणी ठरलेली असे.

ही मांडणी केवळ सवयीची नाही. पोफळीचे कोवळे रोप कडक ऊन सोसत नाही. म्हणून आधी केळ लावून तिच्या सावलीत रोप वाढवले जाते. पोफळीच्या खोडाला दक्षिण व पश्चिम बाजूंच्या उन्हाने चट्टे पडतात व खोड तडकते. त्यामुळे या दोन बाजूंना उंच, दाट पानांची झाडे असणे हितावह ठरते. मिरवेल आधाराच्या झाडाच्या उत्तरेकडील बाजूस लावली की दुपारच्या उन्हापासून तिचे रक्षण होते. जायफळ व रतांबा या झाडांत नर व मादी वेगवेगळी असतात. बियांपासून वाढवलेल्या रोपाचे लिंग फुलावर येईपर्यंत कळत नाही. त्यामुळे बागेत काही नरझाडे राखणे हा नियोजनाचाच भाग ठरतो. निरुपयोगी म्हणून सर्व नर तोडले, तर मादी झाडांची फळधारणाच धोक्यात येते.

काळाचे परिमाणही येथे महत्त्वाचे आहे. माड लहान असताना, म्हणजे साधारण पहिली आठ वर्षे, बागेत भरपूर ऊन येते. आठ ते पंचवीस वर्षांच्या काळात झावळ्यांचा विस्तार खालच्या पातळीवर दाट असतो व जमिनीवर थोडाच प्रकाश पोहोचतो. त्यानंतर माड उंच गेल्यावर तिरपे ऊन पुन्हा आत शिरते. एकाच बागेत वेगवेगळ्या वयांचे माड असत. मेलेल्या माडाच्या जागी नवा माड लावला जाई. त्यामुळे बागेत प्रकाशाचे पट्टे नेहमीच उपलब्ध राहत. सर्व झाडे एकाच वर्षी लावलेल्या आधुनिक बागेला ही सोय नसते.

पोषणाची साखळीही बागेभोवतीच्या जीवनाशी जोडलेली होती. गोठ्यातील शेण, चुलीतील राख, डोंगरावरून आणलेली कवळ, गळालेली पाने व झावळ्या यांचा आच्छादन आणि खत म्हणून उपयोग होई. किनारपट्टीवर तारलीसारखी मासळी विपुल मिळाली की ती माडाच्या आळ्यात पुरली जाई. म्हणजेच बागेची सुपीकता बागेपुरती मर्यादित नव्हती. डोंगर, गोठा व समुद्र हे तिचे अदृश्य भागीदार होते.

पाणी, श्रम आणि मालकी

जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असला, तरी तो बहुतांशी चार महिन्यांत संपतो. जांभ्या दगडाच्या सच्छिद्र भूमीत पाणी टिकत नाही. त्यामुळे बागेचे खरे आयुष्य डिसेंबर ते मे या काळातील शिंपण्यावर अवलंबून असते. पावसाळा संपताच ओहोळांवर दगड-मातीचे कच्चे बांध घालणे, पाट मोकळे करणे आणि पाण्याच्या पाळ्या ठरवणे ही कामे गावाने एकत्र येऊन करावी लागत. जेथे ओहोळ नव्हता तेथे विहिरीवर लाट किंवा रहाट बसवून पाणी काढले जाई.

या कष्टांचा मोठा वाटा स्त्रियांनी उचलला. रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईच्या गिरण्या, गोदी व पोलीस दल यांत नोकरीस जाऊ लागले. या स्थलांतराची खूण जनगणनेत दिसते : २००१ साली सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या, २०११ साली हे प्रमाण १,०३६ होते. मुंबईहून येणारी मनीऑर्डर आणि घरामागील बागेतून मिळणारे नारळ, केळी, सोले व भाजी यांच्या जोडीवर घरे चालली. मिश्र बागेचा फायदा येथे स्पष्ट होतो. तिचे उत्पन्न एका हंगामात हाती येत नाही. वर्षभर थोडे थोडे येत राहते आणि त्यातील बराचसा भाग बाजारात न जाता थेट स्वयंपाकघरात जातो. अर्थशास्त्राच्या हिशेबात हा भाग बहुधा नोंदवलाच जात नाही.

मालकीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. बारमाही पाण्याच्या जागा मुख्यतः खोत, वतनदार व सधन कुटुंबांकडे होत्या. शिंपणे, खणणे व माडावर चढणे ही कामे मात्र इतर समाजघटक करीत. माडी काढण्याचा व्यवसाय करणाऱ्या भंडारी समाजावर १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने व झाडावरील कराने मोठा आघात केला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी जमीनधारणेची चौकट बदलली. हा बदल सामाजिक न्यायाच्या दृष्टीने आवश्यक होता. तथापि पुढे वारसांची संख्या वाढत जाऊन अनेक बागांचे सातबारे सामाईक राहिले. वाटणी न झालेल्या बागेत नवा माड लावायचा कोणी आणि त्याचे फळ खायचे कोणी, हा प्रश्न निर्माण झाला. माडाला फळ धरण्यास काही वर्षे लागतात. म्हणून मालकीची अनिश्चितता प्रथम पुनर्लागवडीवरच आघात करते. बाग एकाएकी नष्ट होत नाही. ती म्हातारी होते.

वरकस जमीन व एकपीक फळबागेचा विस्तार

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीचा दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. त्या काळातील महसुली व्यवस्थेत भातशेती, बागायत व वरकस हे जमिनीचे भेद रूढ होते. या वर्गीकरणाकडे दुर्लक्ष केल्यास मिश्र बागेच्या इतिहासाचा अर्थच लागत नाही. कुळागर हे बागायत जमिनीवरचे, ओलिताचे शेत होते. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी, तीळ, कुळीथ यांसारखी पिके आळीपाळीने घेतली जात आणि मध्ये जमीन पड ठेवली जाई. आज जिल्ह्याची ओळख बनलेल्या हापूस व काजू यांच्या बागा प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारच्या जमिनीवर उभ्या राहिल्या आहेत.

या परिवर्तनाला संशोधन व शासकीय धोरण या दोहोंची साथ मिळाली. वेंगुर्ला येथील फळ संशोधन केंद्राने काजूच्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती विकसित केल्या. १९७२ साली दापोली येथे कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९९० पासून राज्य शासनाने रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग विकास कार्यक्रम राबवला. त्यामुळे पड असलेल्या उतारांवर कलमे लागली, अनेक अल्पभूधारकांना प्रथमच फळबाग मिळाली आणि मजुरीही उपलब्ध झाली. हे यश नाकारता येत नाही.

परंतु या काळात ‘बाग’ या शब्दाचा अर्थ बदलला. पूर्वी बाग म्हणजे अनेक झाडांचा मेळ. आता बाग म्हणजे ठरावीक अंतरावर लावलेली एकाच जातीची कलमे. दहा मीटर अंतराने हेक्टरी शंभर हापूस, हा हिशेब अनुदानाला, कर्जाला व तपासणीला सोयीचा होता. नाचणी-कुळिथाचे आंतरपीक कलमे लहान असताना काही वर्षे घेतले गेले. मजुरी महागल्यावर तेही थांबले. मोहोर नियमित यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल या वाढनिरोधकाचा वापर रूढ झाला. हे द्रव्य जमिनीत दीर्घकाळ टिकते. साहजिकच अशा आंब्याच्या बुंध्याशी दुसरे पीक घेण्याचा विचार करताना त्याचा परिणाम लक्षात घ्यावा लागतो. सर्व उत्पन्न एका फळावर व एका हंगामावर अवलंबून राहिल्याने अवकाळी पाऊस किंवा मोहोरावरील किडीचा प्रादुर्भाव यांमुळे वर्षभराचे गणित कोलमडू लागले.

लाखी बाग : परंपरेची शास्त्रीय पुनर्मांडणी

माडाखालील मोकळ्या जागेचा शास्त्रीय अभ्यास प्रथम केरळातील कासरगोड येथील केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेत झाला. १९७४ साली नेल्लियाट, बावप्पा व नायर यांनी नारळाच्या बागेतील बहुमजली पीकपद्धतीची मांडणी केली. माडाची बहुतांश कार्यक्षम मुळे बुंध्यापासून सुमारे दोन मीटर त्रिज्येत असतात; म्हणून साडेसात मीटर अंतराने लावलेल्या बागेत जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग माड वापरतच नाही, असे या संशोधनपरंपरेने दाखवून दिले.

कोकणात रत्नागिरीजवळील भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राने ‘लाखी बाग’ ही संकल्पना रूढ केली. चार माडांच्या मध्यबिंदूवर जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी, माडाच्या खोडावर काळी मिरी आणि उरलेल्या जागेत केळी, अननस अशी तिची मांडणी आहे. विद्यापीठाने जायफळ, दालचिनी व कोकम यांच्या ‘कोकण’ नामाभिधानाच्या जाती प्रसारित केल्या. जायफळाच्या कलमांमुळे नर-मादीची अनिश्चितता दूर झाली. परागीकरणासाठी काही नरझाडे राखण्याची गरज मात्र कायम राहिली.

कुळागर व लाखी बाग यांची तुलना उद्बोधक आहे. थरांचे तत्त्व दोहोंत समान आहे. उद्दिष्ट भिन्न आहे. कुळागर घराची गरज व बाजार या दोहोंसाठी होते. लाखी बागेच्या नावातच लाखाच्या उत्पन्नाचे आश्वासन आहे. कुळागरात सुरण-अळूला मानाचे स्थान होते. लाखी बागेत मसाल्याच्या पिकांना प्राधान्य आहे. पहिल्यात मिश्र वयाची झाडे होती. दुसरीत आखीव अंतर आहे. अंतराच्या शिस्तीमुळे प्रकाशाचे नियोजन सुकर झाले, हा निश्चित लाभ होय. मात्र पाणी, मनुष्यबळ व सामाईक मालकी हे प्रश्न कोणत्याही आराखड्याने सुटलेले नाहीत.

नैसर्गिक आपत्तींनी या व्यवस्थेची नाजूक बाजूही दाखवून दिली. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन-दिवेआगर भागातील नारळ-पोफळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केल्या. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाचा तडाखा सिंधुदुर्ग किनाऱ्यालाही बसला. मिश्र बागेतील वरचा थर कोसळला की सावलीत वाढणारी जायफळ, मिरी यांसारखी झाडे एका दिवसात उन्हात उघडी पडतात. अशा वेळी बाग सावरण्यासाठी लवकर वाढणारी केळ, निरनिराळ्या वयांचे माड आणि वारा अडवणारी कडेची झाडे असणे आवश्यक ठरते. जुन्या कुळागरात हे तिन्ही घटक होते. आखीव बागेत ते हेतुपूर्वक योजावे लागतात. याखेरीज २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्ग भागात येणाऱ्या हत्तींनी केळी व माड-पोफळीचे केलेले नुकसान आणि वानर-माकडांचा उपद्रव यांमुळे बागेजवळ माणसाची सतत वस्ती असण्याचे महत्त्व पुन्हा अधोरेखित झाले आहे.

निष्कर्ष

१) सिंधुदुर्गातील सहचर लागवड ही बागायत जमिनीवर विकसित झालेली परंपरा आहे. तिचा आराखडा वरकस उतारावरील हापूस-काजूच्या बागांवर जसाच्या तसा लादता येणार नाही. तेथील मिश्रतेचे मूळ नाचणी, कुळीथ, तीळ यांसारखी कोरडवाहू पिके व कडेचे रतांबा-फणस यांत शोधावे लागेल.

२) मिश्र बाग ही कालानुरूप बदलत आलेली व्यवस्था आहे. काजू, अननस, जायफळ व दालचिनी ही एकेकाळची परकी झाडे तिने सामावून घेतली. म्हणून तिचे जतन म्हणजे जुन्या वनस्पतींची यादी जपणे नव्हे. प्रत्येक झाडाला योग्य जागा देण्याची दृष्टी जपणे होय.

३) एकपीक फळबागेच्या विस्ताराने जिल्ह्याला बाजारपेठ व ओळख मिळवून दिली, परंतु घराच्या आहारातील वैविध्य व वर्षभर मिळणारे उत्पन्न यांचा आधार त्यामुळे क्षीण झाला. अनुदानाचे निकष आखताना मिश्र लागवडीतील प्रत्येक थराची स्वतंत्र नोंद होणे आवश्यक आहे.

४) पाण्याची सामुदायिक व्यवस्था, बागेत राबणाऱ्या स्त्रियांच्या नावे मालकी हक्क आणि सामाईक सातबाऱ्याची सोडवणूक या तीन गोष्टी झाल्याखेरीज कोणताही सहचर लागवडीचा आराखडा कागदावरच राहण्याचा संभव आहे.

पर्माकल्चरच्या निमित्ताने नव्या पिढीचे लक्ष मिश्र बागेकडे वळले आहे, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु माडाखाली काय लावावे, या प्रश्नाचे उत्तर कोकणाला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. तो माड कोणी शिंपावा आणि तो पडल्यावर त्या जागी दुसरा कोणी लावावा, हा प्रश्न मात्र अद्याप उभाच आहे. मिश्र बागेचा इतिहास अभ्यासण्याचे प्रयोजन या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.